अबोल माणसाने सभेत आपले म्हणणे कसे पोहोचवावे

आपल्या भाषेत कमी बोलणाऱ्या माणसाला नावे ठेवायला शब्द पुष्कळ आहेत. घुमा, मुखदुर्बळ, एकलकोंडा, माणूसघाणा, आतल्या गाठीचा. सभेत गप्प बसला की मूग गिळून बसला. 'मितभाषी' हा एक आदराचा शब्द आहे खरा, पण तो माणूस मोठा ठरल्यावर त्याच्या वाट्याला येतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकात किंवा नोकरीच्या पहिल्या वर्षीच्या मूल्यमापनात तो कोणी लिहीत नाही. तिथे "अभ्यासात चांगली, पण वर्गात बोलत नाही" एवढाच शेरा असतो, आणि त्या 'पण'चे ओझे कित्येक जण पुढे तीस-चाळीस वर्षे वाहत राहतात.

तो शेरा मलाही मिळाला होता. पुढे मी तीस वर्षे एका कारखान्याच्या लेखा विभागात काम केले आणि सध्या आमच्या सहकारी गृहनिर्माण संस्थेची खजिनदार आहे. या साऱ्या काळात मला जे उमगले ते असे: अंतर्मुख माणसाचे बळ प्रत्यक्ष बोलण्याच्या क्षणात फारसे नसते, ते त्या क्षणाच्या आधीच्या तयारीत आणि नंतरच्या पाठपुराव्यात असते. बोलक्या माणसाची नक्कल करण्यात शक्ती घालवण्यापेक्षा हा आधीचा आणि नंतरचा वेळ आपण ताब्यात घेतला, तर आपले म्हणणे योग्य ठिकाणी पोहोचते. ते कसे करायचे, हे पुढे सविस्तर लिहिले आहे.

आधी आपला स्वभाव नीट ओळखा

अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी स्विस मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी १९२१ साली प्रचारात आणली. मनाचा ओढा बाहेरच्या माणसांकडे आणि घडामोडींकडे आहे की आतल्या विचारांकडे, असा त्यांचा मूळ प्रश्न होता. पुढे १९६७ साली हान्स आयझेंक यांनी याची शारीरिक बाजू मांडली: अंतर्मुख माणसाचा मेंदू मुळातच अधिक जागा असतो, म्हणून गोंगाट, गर्दी आणि एकाच वेळी चाललेली चार संभाषणे त्याला लवकर जास्त होतात. या मांडणीच्या तपशिलांवर नंतर बरीच चर्चा झाली, पण रोजच्या अनुभवाशी ती जुळते, असे मला वाटते.

बुजरेपणा मात्र वेगळा. बुजऱ्या माणसाला बोलायचे असते, पण लोक काय म्हणतील या धास्तीने त्याची जीभ अडते. अंतर्मुख माणसाला धास्ती नसेलही. त्याला चार माणसांत बसायला आवडते, फक्त तासा-दोन तासांनी एकट्याने बसावेसे वाटते. स्वतःला विचारून पाहा: पाहुणे गेल्यावर तुम्हाला नुसता थकवा येतो, की आपण काय चुकीचे बोललो याची उजळणी रात्रभर चालते? पहिले असेल तर तो स्वभाव आहे आणि त्यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. दुसरे असेल, आणि त्या भीतीमुळे डॉक्टरांना आपले दुखणे सांगणे किंवा बँकेत चौकशी करणे यांसारखी गरजेची कामेही टळत असतील, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. ती भीती कमी होऊ शकते. पुष्कळ माणसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात, हेही ध्यानात असू द्यावे.

बोलक्याला झुकते माप कसे मिळते

बोलणाऱ्याची माती विकली जाते आणि न बोलणाऱ्याचे सोने पडून राहते, अशा अर्थाची म्हण आपल्याकडे आहे, आणि ती किती खरी आहे हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात दिसले. त्यांनी लहान लहान गटांना गणिताची उदाहरणे दिली. आत्मविश्वासाने पुढे होऊन बोलणारी माणसे गटाला अधिक हुशार वाटली, पण त्यांची उत्तरे इतरांपेक्षा अधिक बरोबर नव्हती. आणखी एक गोष्ट त्यात आढळली, ती मला सर्वांत महत्त्वाची वाटते: शंभरातल्या नव्वदहून अधिक वेळा, जे उत्तर पहिल्यांदा कोणीतरी मोठ्याने उच्चारले तेच गटाने अंतिम म्हणून स्वीकारले.

सगळ्यांनी एकत्र बसून सुचेल ते बोलत जाण्याची पद्धत तर कार्यालयांत आता नियमासारखी झाली आहे. अमेरिकेतल्या जाहिरात व्यवसायातून आलेले ॲलेक्स ऑस्बर्न यांनी ती लोकप्रिय केली. परंतु १९५८ सालीच येल विद्यापीठात असे दिसून आले होते की चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी एकेकटे बसून काढलेल्या आणि मग एकत्र केलेल्या कल्पना संख्येने अधिक आणि दर्जाने सरस असतात. याचे एक मोठे कारण १९८७ साली जर्मनीतल्या संशोधकांनी शोधले, आणि ते अगदी साधे आहे: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावे लागते, आणि थांबताना सुचलेले विरून जाते. म्हणजे सभेत आपल्याला काही सुचत नाही, हा दोष आपल्या बुद्धीचा असतोच असे नाही. तो पुष्कळदा सभेच्या रचनेचा असतो. रचना बदलता येते, आणि पुढचा सगळा भाग त्याबद्दलच आहे.

सभेच्या आधी

आमच्या संस्थेच्या गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा विषय काही वर्षांपूर्वी वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे आला. तीन ठेकेदारांची दरपत्रके आली होती. मी ती आदल्या रात्री ओळीने वाचली होती. गच्चीचे क्षेत्रफळ तिघांनी तीन वेगवेगळे लिहिले होते, म्हणून मी बारकाईने पाहिले, तेव्हा सर्वांत स्वस्त दरपत्रकात पाण्याच्या टाकीखालचा भाग आणि कठड्याची आतली बाजू धरलेलीच नाही, असे माझ्या लक्षात आले. सभेत एका सभासदाने त्या स्वस्त ठेकेदाराची बाजू इतकी ठणकावून मांडली की सात-आठ मिनिटांत हात वर झाले. मी शेवटच्या रांगेत, मांडीवर वही घेऊन बसले होते. बोलायला जागा मिळाली की बोलू, असे मनाशी म्हणत राहिले, आणि ती जागा आलीच नाही. पुढच्या पावसाळ्यात टाकीखालच्या घरात छताला ओल आली, हॉलच्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले आणि तेवढ्या भागाचा कोबा पुन्हा फोडावा लागला. त्या घरातल्या आजी लिफ्टमध्ये भेटत, तेव्हा मला ती वही आठवत असे.

माझी चूक सभेत गप्प बसण्याची नव्हती, असे आज मला वाटते. चूक आदल्या रात्रीची होती. जे मला ठाऊक होते ते कागदावर उतरून सभेआधी सचिवांच्या हाती जायला हवे होते. सर्वसाधारण सभेची नोटीस चौदा दिवस आधी, विषयपत्रिकेसह येते. आवाजी माणूस ती दारावरून काढून डब्यावर ठेवतो. आपण मात्र त्या चौदा दिवसांचे सोने करू शकतो.

टिपण एका पानाचे असावे. पहिल्याच वाक्यात आपली मागणी लिहावी, कारण दुसऱ्या परिच्छेदापर्यंत सगळे पोहोचत नाहीत. "तिन्ही दरपत्रके एकाच मोजमापावर पुन्हा मागवावीत, त्याशिवाय मतदान घेऊ नये" असे ते वाक्य हवे. त्याखाली आकडे तक्त्यात, आणि शेवटी एकच प्रश्न, ज्याचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे द्यावे लागेल. विशेषणे गाळावीत, निष्काळजीपणा, गैरव्यवहार असे शब्द आले की चर्चा आकड्यांवरून माणसांवर जाते आणि तिथे पुन्हा ज्याचा आवाज मोठा त्याचेच चालते.

टिपण दिल्यावर दोन-तीन जणांशी स्वतंत्रपणे बोलावे. अंतर्मुख माणूस दहा जणांपुढे अडखळतो, पण एकाशी समोरासमोर बसून अर्धा तास उत्तम बोलतो. म्हणून अध्यक्ष, एखादा तटस्थ सभासद आणि ज्यांचा विरोध होईल असे वाटते ते गृहस्थ, या तिघांना एकेकटे गाठावे. विरोधकाला आधी भेटणे जड जाते, पण तेच सर्वांत उपयोगी पडते, कारण त्याचा आक्षेप आपल्याला घरी बसून विचार करण्याइतका वेळ आधी कळतो. नोकरीतही हेच करता येते. बैठकीचे विषय आदल्या दिवशी कळवावेत, अशी विनंती वरिष्ठांना केली तर ती बहुधा मान्य होते, आणि तिचा फायदा सगळ्यांनाच होतो.

लेखी म्हणणे म्हणजे पळवाट, असे कोणी म्हणाले तर त्याला लंडनमधल्या तरुण मोहनदास गांधींची गोष्ट सांगावी. बॅरिस्टरीचे शिक्षण घेत असताना ते तिथल्या शाकाहारी मंडळाच्या कार्यकारिणीवर निवडून आले, पण सभांमध्ये त्यांचे तोंड उघडत नसे. एकदा संततिनियमनाचा पुरस्कार करणारे डॉ. ॲलिन्सन यांना मंडळातून काढण्याचा प्रश्न आला. गांधींना ॲलिन्सन यांचे मत पटत नव्हते, तरी त्या मतासाठी त्यांना शाकाहारी मंडळातून काढणे अन्यायाचे आहे, असे त्यांना वाटत होते. त्यांनी आपले म्हणणे लिहून नेले. ते वाचण्याचेही धैर्य झाले नाही, तेव्हा अध्यक्षांनी ते दुसऱ्याकडून वाचून घेतले. त्या दिवशी त्यांची बाजू हरली. पण त्यांचे म्हणणे सभेपुढे आले आणि तेही जसेच्या तसे. पुढे आत्मचरित्रात त्यांनी लिहिले की बोलण्यातल्या या संकोचाने त्यांना शब्दांची काटकसर शिकवली आणि एके काळी जो अडथळा वाटे त्याचा नंतर आनंद वाटू लागला.

प्रत्यक्ष सभेत

पहिल्या दहा मिनिटांत एकदा तरी बोलावे. वर सांगितलेला प्रयोग आठवा: जे आधी उच्चारले जाते ते टिकते. शिवाय जितका उशीर होतो तितके मनावरचे दडपण वाढते. हे पहिले बोलणे मोठे असायची गरज नाही. "माझे टिपण सर्वांना मिळाले आहे का? त्यातल्या दुसऱ्या तक्त्यावर मतदानाआधी पाच मिनिटे हवी आहेत" एवढेही पुरते. हे वाक्य वहीत शब्दशः लिहून न्यावे आणि खुशाल वाचून दाखवावे. बसायला पुढची, अध्यक्षांना दिसेल अशी खुर्ची घ्यावी. मागच्या रांगेतून बोलायचे तर आवाज चढवावा लागतो, आणि तो आपला प्रांत नाही.

मध्येच कोणी तोडले तर वाद घालू नये आणि थांबूही नये. "माझे वाक्य पूर्ण करते, मग तुमचे ऐकते" हे शांतपणे, त्याच पट्टीत म्हणावे. मला हे वाक्य वापरायला लाज वाटेनाशी व्हायला दोन वर्षे लागली. आरशासमोर म्हणून पाहिले, भावाबरोबर फोनवर म्हणून पाहिले. मग एकदा सभेत म्हटले, आणि समोरचे गृहस्थ सहज थांबले. पुष्कळ बोलकी माणसे दुष्ट नसतात. त्यांना दोन वाक्यांमधली आपली शांतता म्हणजे बोलणे संपले असे वाटते, एवढेच.

तुमचे सर्वांत मोठे बळ मात्र ऐकण्यात आहे, आणि ते सभेत थेट वापरता येते. इतर जण स्वतःच्या पाळीची वाट पाहत असताना तुम्ही कोण काय म्हणाले ते टिपून घेतलेले असते. चर्चा भरकटली की सांगावे: "आतापर्यंत दोन मते पुढे आली आहेत. एक, काम पावसाळ्याआधी व्हावे. दोन, निधी कमी असल्याने पुढच्या वर्षी व्हावे. टाकीखालच्या भागाबद्दल अजून कोणी बोललेले नाही." एवढ्याने सभा जागेवर येते, कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला आपले म्हणणे कोणीतरी ऐकले याचे समाधान मिळते. मी पाहिले आहे की असे दोनदा केले की तिसऱ्यांदा लोक आपणहून विचारतात, तुमच्या वहीत काय आहे?

लगेच उत्तर मागितले गेले आणि ते तयार नसेल तर मुदत सांगून वेळ मागावा. "बघते" म्हणू नये. "उद्या दुपारी बारापर्यंत लेखी कळवते" म्हणावे आणि साडेअकराला कळवावे. नव्या कल्पना हव्या असतील तेव्हा सुरुवातीची दहा मिनिटे सर्वांनी चिठ्ठीवर लिहावे आणि मग चिठ्ठ्या वाचाव्यात, असे सुचवावे. ऑनलाइन बैठकीत चॅटची चौकट आपल्याच सोयीची असते. तिथे लिहिलेले वाक्य कोणी मध्येच तोडू शकत नाही.

सभेनंतर

इतिवृत्त लिहायला सहसा कोणी पुढे होत नाही. तुम्ही व्हा. जे बोलले गेले ते वाऱ्यावर जाते, जे लिहिले गेले ते पुढच्या सभेत वाचून कायम होते. प्रामाणिकपणे लिहावे, विरोधी मताला पूर्ण जागा द्यावी, आणि प्रत्येक ठरावापुढे कोणी, केव्हापर्यंत काय करायचे, हे नोंदवावे. नोकरीत हेच काम बैठकीनंतरची ईमेल करते: "आज ठरले ते असे, काही राहिले असल्यास कळवावे." मात्र कायम इतिवृत्तच लिहायला लावून बोलण्याची पाळी देणे टाळले जात असेल, विशेषतः बायकांच्या बाबतीत हे फार होते, तर स्पष्टपणे आळीपाळी मागून घ्यावी. केलेल्या कामाची नोंदही ठेवावी. महिन्याच्या शेवटी पाच ओळी लिहून ठेवल्या की मूल्यमापनाच्या वेळी स्वतःचे कौतुक करण्याचा प्रसंग येत नाही. तारखा आणि आकडे ते काम करतात.

गच्चीचा विषय पुन्हा आला तेव्हा मी हे सारे केले. दरपत्रके नव्याने मागवली गेली, मोजमाप सर्वांसमोर टेपने झाले, आणि त्याच सभेत मला खजिनदार होण्याबद्दल विचारले गेले.

मुलाखत आणि नेतृत्व

मुलाखतीत सगळ्या उत्तरांची तयारी करता येत नाही, पण घडलेल्या प्रसंगांची करता येते. आपल्या कामातले चार प्रसंग निवडावेत, प्रत्येक दोन मिनिटांत सांगता येईल इतका घोटावा आणि मोठ्याने म्हणून पाहावा. मनातल्या मनात केलेली तयारी आपल्याला पुरेशी वाटते, पण तोंड उघडल्यावर ती पुरत नाही. "थोडा विचार करून सांगतो" असे म्हणून चार-पाच सेकंद थांबणे मुळीच गैर नाही. स्पर्धा परीक्षांच्या उमेदवारांनी आकडेही पाहावेत: केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा मुख्य परीक्षेत एकूण २०२५ गुणांपैकी लेखी १७५० आणि मुलाखतीचे २७५ आहेत. त्या २७५ गुणांची धास्ती घेऊन उरलेल्या १७५० गुणांच्या बळाकडे दुर्लक्ष करणारी हुशार मुले मी पाहिली आहेत, आणि फार वाईट वाटते.

शांत माणूस नेता होऊ शकत नाही, हा समजही सोडून द्यावा. अमेरिकेतल्या पिझ्झा पोहोचवणाऱ्या एका साखळीच्या ५७ दुकानांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. कर्मचारी सांगितले तेवढेच करणारे असतील तिथे बोलक्या व्यवस्थापकाचे दुकान अधिक नफ्यात होते. पण कर्मचारी स्वतःहून सुधारणा सुचवणारे असतील तिथे शांत व्यवस्थापकाचे. सुचवणाऱ्याचे ऐकून घेणारा कोणीतरी लागतो. म्हणून तुमच्या हाताखाली चार विचारी माणसे आली, तर आठवड्यातून एकदा प्रत्येकाला पंधरा मिनिटे स्वतंत्रपणे द्यावीत.

लग्नकार्ये, नातीगोती आणि विश्रांती

कार्याला जायचेच, न जाणे हा आपल्याकडे अपमान समजला जातो आणि ते बरोबरही आहे. पण लवकर जावे. मुहूर्ताच्या तासभर आधी कार्यालयात गर्दी नसते, वधूच्या आईशी निवांत दोन शब्द बोलता येतात आणि एखादे काम अंगावर घेता येते. आहेराची वही सांभाळणे, पंगतीत वाढणे, म्हाताऱ्या माणसांना गाडीपर्यंत सोडणे. हातात काम असले की माणसांत वावरणे सोपे जाते. परत आल्यावरचा एक तास कोणालाही देऊ नये, आणि घरच्यांना हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे रुसून बसल्याचा गैरसमज होत नाही.

माणसे जोडायला रोज भेटावेच लागते असे नाही. धारवाडला राहणारे जी. ए. कुलकर्णी सभा-संमेलनांपासून दूर राहिले, पण त्यांनी लिहिलेल्या पत्रांतली निवडक पत्रेच पुढे चार खंडांत छापली गेली. वाढदिवसाच्या दिवशी ग्रुपवर शंभरावी शुभेच्छा टाकण्याऐवजी दुसऱ्या दिवशी एकाला चार ओळी स्वतंत्रपणे लिहाव्यात. त्या वाचल्या जातात.

घरात अबोल मूल असेल तर

पाहुण्यांसमोर "अगं, बोल ना, जीभ हरवली का?" असे कधीही म्हणू नये. मुलाचा स्वभाव चारचौघांत त्याच्यादेखत सांगणे, मग ते लाडाने का असेना, थांबवावे. पाहुणे येण्याआधी कोण येणार आहे, काय विचारतील आणि किती वेळ बसतील, हे त्याला सांगून ठेवावे. नमस्कार करून पाणी आणून दिले आणि आत जाऊन बसले तरी चालेल, असे आधीच ठरवावे.

पालकसभेत शिक्षक "वर्गात बोलत नाही" म्हणाले तर माफी मागू नये. विचारावे की तिला प्रश्न कळतो का, लेखी उत्तर कसे असते, आणि प्रश्न विचारल्यावर किती वेळ दिला जातो? हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. मेरी बड रो या अमेरिकन अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांमधले ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे दिसले. तेच थांबणे तीन सेकंदांवर नेले की उत्तरे लांब झाली आणि जी मुले एरवी बोलत नव्हती तीही बोलू लागली.

माझी पुतणी आठवीत असताना आम्ही हे घरी करून पाहिले. जेवताना तिला काही विचारले की मी मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजायची आणि वहिनींना डोळ्यांनीच थांबवायची. पहिले काही दिवस तीननंतरही काही आले नाही. मग एका रात्री, आमटी वाढून घेता घेता, शाळेच्या सहलीत काय झाले ते तिने पहिल्यापासून सांगितले, आणि पान वाळून गेले तरी कोणी उठले नाही.